भरदार सिगार आणि कोलकात्याची जीभ

तंबाखूच्या चवीवर सभ्य माणसाने बोलूच नये, असा अलीकडचा दंडक आहे. आजाराबद्दल बोलावे, कराबद्दल बोलावे, बंदीबद्दल बोलावे. पण हाताने वळलेल्या उत्तम सिगारमध्ये चव कुठून येते, ती कोण आणतो आणि तिची पारख कशी करायची, हे विचारले की विचारणारा कंपन्यांचा माणूस ठरतो. मला हा दंडक पटत नाही. ज्या वस्तूची नीट चिकित्सा होत नाही तिच्याबद्दलच्या भाकडकथा जास्त दिवस टिकतात, आणि महागड्या सिगारभोवती त्या पुष्कळ जमल्या आहेत. त्यातली सगळ्यांत चिवट कथा अशी की सिगार जितकी भरदार तितकी ती श्रेष्ठ, आणि ती पेलणारा तितका मोठा जाणकार. या लेखाचे म्हणणे नेमके उलटे आहे: भरदारपणा ज्या गोष्टीने येतो तीच गोष्ट पारख बिघडवते.

एकट्यानेच बोलत राहिले तर आपले म्हणणे फार सोपे वाटू लागते. म्हणून समोर एक रसिकराव बसवले आहेत. ते कुणा एका माणसाचे चित्र नव्हेत. भरदार सिगारच्या बाजूने जे जे शहाणपणाने बोलले जाते ते त्यांच्या तोंडी घातले आहे. वादाला जागा कोलकात्याची घेतली, त्याला कारण आहे. २४ ऑगस्ट १९१० रोजी इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया इथेच स्थापन झाली. आजच्या आयटीसीचे चौरंगीवरचे मुख्यालय अजून ‘व्हर्जिनिया हाउस’ याच नावाने ओळखले जाते. दुसरीकडे, वाळवलेल्या पानाची चव घेऊन त्याचा भाव सांगणे हा ज्या शहरात दीडशे वर्षांहून जुना पेशा आहे, तेही हेच. ते पान अर्थात चहाचे.

रसिकराव : अहो, मग आधी वस्तू तरी नीट मांडू द्या. सिगारेट म्हणजे कागदात भरलेला चुरा. सिगारमध्ये तंबाखूच्या पानाशिवाय काही नसते, टोक चिकटवायला किंचित डिंक तेवढा. आत गाभ्याची लांब पाने, त्यांना आवळून धरणारे एक बांधपान, आणि सगळ्यांत बाहेर तलम वरचे पान, ज्याला एक भोक किंवा एक जाड शीर चालत नाही. गाभ्यातली पाने झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची. तळाच्या पानांना क्यूबात वोलादो म्हणतात. ती पातळ, भराभर जळणारी. मधली सेको, सुगंधाची. शेंड्याकडची लिहेरो, ऊन खाऊन जाड आणि तेलकट झालेली. ती इतकी सावकाश जळते की वळणारा तिला बरोबर मध्यभागी घालतो, नाहीतर सिगार एकाच अंगाने पेटत जाते. पाने वाळली की ओलसर करून त्यांचे मोठाले ढीग रचतात. ढीग आतून तापतो, हात घालवणार नाही इतका. मग तो मोडायचा, आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत, आणि पुन्हा रचायचा. असे कित्येक महिने. त्यात अमोनिया उडून जातो, कच्चा तिखटपणा जातो आणि कोको, भाजलेली कॉफी, मिरी, चामडे, लाकूड असले वास उमटतात. हे सगळे दाटपणे, तोंड भरून मिळणे म्हणजे भरदार सिगार. आणि कोलकात्याला हे परके नाही. वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या मैफलीचे १७७९ सालचे निमंत्रण प्रसिद्ध आहे: पाहुण्यांनी हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये! पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साहेबांच्या घरातून हुक्का मागे पडला आणि चिरूट आला. रंगपूरची पाने आराकानी व्यापारी चिरूट वळण्यासाठी ब्रह्मदेशात नेत. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची कीर्ती तर इतकी की १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स त्याची राख ओळखून दाखवतो.

लेखक : तुमच्या वर्णनाला माझी हरकत नाही, रसिकराव. उलट माझ्या म्हणण्याचा पुरावा तुम्हीच दिलात. लिहेरो जाड का असते? तंबाखूच्या झाडात निकोटीन मुळांत तयार होते आणि वर पानांत साठते. किड्यांपासून बचावाचे ते झाडाचे विष आहे. फूल येऊ न देता शेंडा खुडला, बगलेतले फुटवे काढले, की बियाण्याकडे जाणारा जोर पानात उतरतो, आणि त्यातही वरच्या पानांत जास्त. निपाणीच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. बिडीच्या तंबाखूची खुडणी तो याचसाठी करतो, आणि पान ‘कडक’ झाले का हे तो बोटांनी ओळखतो. म्हणजे सिगार भरदार करायची तर वळणारा काय करतो? लिहेरो वाढवतो. तुम्ही ज्यांची नावे घेतलीत त्या कोको-कॉफीच्या वासांपैकी बराचसा भाग सेको, वरचे पान आणि ढिगातले ते महिने यांच्याकडून येतो. तोंडात जो दणका बसतो तो लिहेरोकडून. ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि बाजार मात्र त्यांना एकाच पट्टीवर मोजतो: हलकी, मध्यम, भरदार. पट्टीच्या वरच्या टोकाला मान, खालच्या टोकाला ‘नवशिक्यांसाठी’ असा शेरा. नवख्या माणसाने भरदार सिगार ओढली तर काय होते तेही पाहा: कपाळाला घाम, मळमळ, चक्कर. जाणकार त्याला सल्ला देतात की पोटभर जेवून बस, जवळ काहीतरी गोड ठेव. चवीने कुणाला चक्कर येत नाही. ही सौम्य विषबाधा आहे, आणि तिची सवय होणे यालाच आपण जाणकारी म्हणू लागलो आहोत.

रसिकराव : हे जरा चलाखीचे झाले. ताकद वेगळी आणि अंग वेगळे, हे कुठल्याही जुन्या शौकिनाला कळते. ताकद डोक्याला लागते, अंग जिभेवर आणि टाळूवर जाणवते. कमी निकोटीनची सिगारही अंगाने भरलेली असू शकते. तुम्ही अडाणी दुकानदाराची पट्टी घेऊन जाणकारांना झोडपता आहात. आणि जाणकारीला किती संयम लागतो त्याची तुम्हाला कल्पना नाही. कोलकात्यात सिगार सांभाळणे म्हणजे एक व्रतच. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, सिगारला हवी ६५ ते ७०. जास्त झाली तर बुरशी. उकाडा वाढला तर तंबाखूतला भुंगेरा अंड्यातून बाहेर येतो आणि वरच्या पानाला टाचणीने टोचावीत तशी भोके पाडत सुटतो. एक सिगार गेली म्हणून थांबत नाही, डबाच्या डबा जातो. म्हणून लाकडी पेटी, तिच्यात आर्द्रतामापक, आणि पेटी थंड खोलीत. पेटीचे लाकूडही ठरलेले, स्पॅनिश सीडर; आपल्याकडचा तून त्याचाच भाऊबंद, चहाची खोकी आणि सिगारचे डबे त्याचेही होत. अशी पाच-पाच, दहा-दहा वर्षे जपलेली सिगार जो ओढतो त्याला नशेबाज म्हणायचे?

लेखक : नशेबाज म्हटलेले नाही. पण ताकद आणि अंग वेगळे हे तुम्ही मान्य केलेत, तेव्हा अर्धा वाद मिटला. आणि जपलेल्या सिगारचा दाखला तर तुम्ही माझ्याच पारड्यात टाकलात. जुनी झाली की सिगार मऊ होते, तिचा तिखटपणा आणि दणका उतरतो. तरी शौकीन तिला जास्त पैसे मोजतात. म्हणजे जिथे शौकिनाला नीट विचार करायला वेळ मिळतो, तिथे तो स्वतःच ताकद कमी करून मागतो. मग दुकानात उभा असतानाच त्याला भरदारपणाचे एवढे आकर्षण का? याचे उत्तर शोधायला चहाच्या लिलावांच्या नीलहाट हाउसपर्यंत चालावे लागेल. कोलकात्यातला चहाचा पहिला लिलाव २७ डिसेंबर १८६१ चा. तेव्हापासून लिलावाआधी दलालांकडचे चाखणारे प्रत्येक नमुना चाखून त्याचे मोल ठरवतात. लांब टेबलावर पांढऱ्या चिनी मातीच्या झाकणदार कपांची रांग, प्रत्येकासमोर एक वाडगा. मोजून अडीच-तीन ग्रॅम पत्ती, उकळते पाणी, पाच-सहा मिनिटे, मग रस वाडग्यात आणि ओली पत्ती झाकणावर उपडी. चाखणारा रांगेने चालत जातो, चमचाभर रस सुर्रकन आवाज करून ओढतो, म्हणजे तो टाळूवर फवाऱ्यासारखा उडतो आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. आणि लगेच थुंकतो. बरोबर चाकांची पिकदाणी ढकलली जात असते. दिवसाला असे शेकडो कप. हे सगळे कप तो प्याला असता तर संध्याकाळी त्याचे हात थरथरले असते आणि त्याच्या मताला कवडीची किंमत उरली नसती. थुंकणे ही तिथे शिस्त आहे: जिभेला जे कळायचे ते कळू द्यायचे, रक्तात काही जाऊ द्यायचे नाही. ‘बॉडी’ हा शब्द त्याच्याही वहीत असतो. पण तो एका रकान्यात, रंग, टवटवी, सुगंध, पत्तीची ठेवण यांच्या शेजारी. त्या एका रकान्यावर दर्जा ठरत असता तर आसामचा दाट, माल्टी चहा कायम वर बसला असता. प्रत्यक्षात अंगाने हलका, कपात फिका दिसणारा दार्जिलिंग त्याच कोलकात्यात नेहमी जास्त भाव घेत आला आहे. हलके म्हणजे हीन असे चहाच्या जाणकाराला शिकवायचे कुणाच्या मनातही येणार नाही.

आता सिगारकडे या. तिचा रस थुंकता येत नाही. धूर तोंडात घोळवला आणि सोडून दिला तरी निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरत राहते. सिगारच्या पहिल्या तृतीयांशात तुम्ही चव पाहता आहात असे मी मानतो. पण भरदार सिगारच्या दुसऱ्या तृतीयांशात पोचेपर्यंत मेंदूला त्याची मात्रा मिळालेली असते. बरे वाटू लागते, मन एकाग्र होते, आणि हे बरे वाटणे तुम्ही चवीच्या खात्यावर जमा करता. निवाडा द्यायला बसलेल्याने सुनावणी चालू असतानाच एका पक्षकाराकडून पाकीट घ्यावे, तसे हे. पाकीट जितके जाड तितका निवाडा उदार. म्हणून मी म्हणतो की भरदार सिगार ही पारखीची सर्वोच्च परीक्षा नाही. पारख जिथे सर्वांत कमी भरवशाची होते ती जागा आहे. मध्यम किंवा हलक्या अंगाच्या सिगारमध्ये वरच्या पानाचा गोडवा, ढिगातल्या मेहनतीची करामत, सेकोचा सुगंध हे सगळे जास्त स्वच्छ ऐकू येते, कारण ऐकणारा शुद्धीवर असतो. तुमच्या त्या अंगाने भरलेल्या पण ताकदीने हलक्या सिगारला तर माझा पाठिंबाच आहे. फक्त ती मागताना ‘भरदार’ एवढेच म्हणू नका. कारण तेवढ्यावर दुकानदार तुम्हाला लिहेरोच देईल.

रसिकराव : आता तुम्ही हळूच दवाखान्यात शिरलात. गालातून उतरते म्हणता, पण छातीत तर जात नाही ना? सिगारेटवाला दिवसभर झुरके छातीत भरतो. आम्ही आठवड्याला, महिन्याला एखादी, तीही तोंडातल्या तोंडात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर जाडजूड अहवाल काढला, त्यातही म्हटले आहे की बहुसंख्य सिगारवाले रोज ओढत नाहीत, आणि अधूनमधून ओढणाऱ्याला नेमका किती धोका हे ठाऊक नाही. शिवाय मोठमोठ्या डोक्यांनी सिगार ओढून कामे केली आहेत. फ्रॉइडचेच घ्या. आपली काम करण्याची शक्ती तो सिगारच्या खात्यावर मांडत असे.

लेखक : अहवालातले ते वाक्य खरे आहे आणि मी ते झाकून ठेवणार नाही. अधूनमधून ओढणाऱ्याचा धोका मोजलेला नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, पण रोजचा आणि कधीतरीचा यांना मी एका मापाने मोजणारही नाही. मात्र त्याच अहवालात रोज ओढणाऱ्यांबद्दल जे आहे तेही वाचा: तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांचे कर्करोग, धूर छातीत घेतला तर फुफ्फुसाचाही. एका मोठ्या सिगारमध्ये ५ ग्रॅमपासून २० ग्रॅमपर्यंत तंबाखू असतो. सिगारेटमध्ये ग्रॅमभरही नसतो. म्हणजे तुमची ‘एखादी’ ही अख्ख्या पाकिटाएवढी असू शकते. आणि छातीत न घेण्यात तुमचा संयम फारसा नाही, ती पानाची रसायनी आहे. व्हर्जिनिया जातीचा तंबाखू भट्टीच्या उष्णतेत झटपट वाळवतात, त्यातली साखर टिकते, म्हणून त्याचा धूर किंचित आम्लधर्मी आणि घशाला सोसणारा असतो. त्यातले निकोटीन तोंडात फारसे शोषले जात नाही, म्हणून झुरका छातीत ओढावा लागतो. सिगारचे पान सावलीत वाऱ्यावर वाळते, मग आंबते, साखर संपते, धूर अल्कधर्मी होतो. तो छातीला झोंबतो म्हणून माणूस आत घेत नाही, आणि तोच अल्कधर्म निकोटीनला गालातून आत सोडतो. तेव्हा चौरंगीवरच्या त्या इमारतीला ज्या पानाचे नाव आहे ते छातीचे पान, आणि तुमचे पान तोंडाचे. हिशेब चुकतो कुणाचाच नाही, कुठल्या अवयवाने चुकता करायचा एवढाच फरक.

आणि फ्रॉइड? त्याचे नाव कोलकात्यात जपून घ्यावे. गिरींद्रशेखर बसू यांनी १९२२ मध्ये इथे भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि त्याच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, इथून विष्णूची हस्तिदंती मूर्ती व्हिएन्नाला गेली. ती मूर्ती ज्याच्या हातात पडली त्या माणसाच्या जबड्यावर तोपर्यंत आठ वर्षे शस्त्रक्रिया चालू होत्या. १९२३ मध्ये तोंडात कर्करोग सापडला. १९३९ मध्ये मरेपर्यंत तीसहून अधिक वेळा कापाकापी झाली, टाळूच्या जागी कृत्रिम साधन बसवावे लागले. दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढणारा, मनाच्या खोल तळातले हेतू जगाला उकलून दाखवणारा हा माणूस सिगार सोडू शकला नाही. त्याच्याइतकी बुद्धी आणि आत्मपरीक्षण असणाऱ्यालाही ‘मला चव आवडते’ आणि ‘मला सोडवत नाही’ यांतला फरक व्यवहारात उतरवता आला नाही, हे मला त्याच्या कामाच्या शक्तीपेक्षा मोठे प्रमाण वाटते. ज्या हाजरा रोडवर कोलकात्यातल्या मराठी मंडळींचे महाराष्ट्र निवास आहे, त्याच भागात हाजरा मोडाजवळ चित्तरंजन कर्करोग रुग्णालय आहे. १९५० मध्ये त्याचे उद्घाटन इरेन जोलिओ-क्युरी यांनी केले. तिथल्या तोंडाच्या रुग्णांत सिगारवाले थोडे आणि खैनी-जर्दा-बिडीवाले फार असणार, हे उघड आहे. पण ते सिगारच्या निर्दोषपणामुळे नव्हे, तिच्या किमतीमुळे.

रसिकराव : किमतीवर आलातच, तर कारागिरीबद्दल बोला. जगात फार थोड्या वस्तू अजून इतक्या पूर्णपणे हाताने होतात. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून पाने वळणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला वाचक नेमले गेले. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, आणि त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे नाव अशाच ऐकलेल्या कादंबरीवरून आले. असल्या वस्तूला दाद दिली तर ती कारागिराला पोचते. बंगालमध्येही हे होऊ शकले असते. कूचबिहारच्या दिनहाट्यात १९५२ पासून सिगारच्या वरच्या पानाचे आणि हुक्क्याच्या तंबाखूचे सरकारी संशोधन केंद्र आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या पानाला शौकिनांनी मागणी दिली असती तर त्याचे भले झाले नसते का?

लेखक : दिनहाट्याचा मुद्दा मला तुमच्या सगळ्या मुद्द्यांत वजनदार वाटतो, आणि तो माझ्याच बाजूने झुकतो. तिथे सरकारने संशोधनाला घेतले ते वरचे पान, म्हणजे सिगारचा रंग, पोत आणि बराचसा सुगंध ज्यावर ठरतो ते. त्याला कस लागतो तो पातळपणाचा आणि निर्दोषपणाचा, कडकपणाचा नव्हे. शौकिनांची दाद भरदारपणाकडे वळली की नजर गाभ्यातल्या लिहेरोकडे जाते आणि वरचे पान पिकवणारा मागे पडतो. राहिली कारागिरी. हाताने वळण्यात जर गौरव असेल, तर तो मुर्शिदाबादच्या जंगीपूर-धुलियानमधल्या बायकांना का मिळत नाही? त्याही सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू घेऊन दिवसभर वळतात. त्यांची मजुरी हजार बिड्यांवर ठरते. सोलापूरच्या बिडीकामगार बायकांचेही तेच. कुंभारीला त्यांच्यासाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली ती त्यांच्या चळवळीतून, बिडीच्या चवीला कुणी दाद दिली म्हणून नव्हे. वाचक म्हणाल तर कण्णूरच्या बिडी कारखान्यांतही एकजण वर्तमानपत्र वाचे आणि बाकीचे त्याच्या वाटच्या बिड्या वळून देत. आपल्या संसदेला या दोन हातांत फरक दिसला नव्हता. १९६६ च्या कायद्याचे नावच ‘बिडी आणि सिगार कामगार’ असे होते. फरक करतो तो गिऱ्हाईक. एकाच्या बोटांना तो कला म्हणतो, दुसऱ्याच्या बोटांना मजुरी. तुमची दाद कारागिराला पोचते असे मला खरेच दाखवायचे असेल, तर सिगारच्या पट्ट्यावर कंपनीचे सोनेरी चिन्ह असते तिथे वळणाऱ्याचे नाव छापून आणा.

रसिकराव : म्हणजे शेवटी तुम्हाला बंदीच हवी. डिसेंबर २०२२ मध्ये महापौरांनी कोलकात्यातले हुक्का बार बंद करायला काढले, तसे.

लेखक : आणि जानेवारी २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, त्यासाठी राज्यात कायदाच नाही म्हणून, ते थांबवले, ते योग्यच होते. बंदी हा माझा मुद्दाच नाही. सज्ञान माणसाने बंद दाराआड, दुसऱ्याच्या नाकात धूर न सोडता काय ओढावे हे मी ठरवणार नाही. सार्वजनिक जागेचा प्रश्न २ ऑक्टोबर २००८ च्या नियमांनी मिटवला आहे, त्यावर शाई घालवत नाही. माझे भांडण दादेशी आहे. दाद द्यायची तर ती कशाला देतो आहोत हे दाद देणाऱ्याला ठाऊक असावे.

रसिकराव : ते ठाऊक व्हायचे कसे? जिभेवर तर तुमचा भरवसा नाही.

लेखक : आकड्याने. मद्याच्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते, आणि त्यामुळे मद्याच्या रसिकाला एक सोय झाली आहे: चढते किती हे बाटली सांगते, चव कशी हे त्याने सांगायचे. सिगारच्या डब्यावर असा आकडा सापडत नाही, म्हणून ताकद चवीच्या कपड्यांत फिरते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत सिगार आणि चिरूट ही नावे सिगारेट व बिडीच्या बरोबरीने आहेत, आणि त्याच कायद्याच्या सातव्या कलमात वेष्टनावर निकोटीन व टार यांचे प्रमाण देण्याचाही उल्लेख आहे. यंत्राने मोजलेल्या धुराच्या आकड्यांनी ‘लाइट’ सिगारेटच्या गिऱ्हाइकांना कसे फसवले हे मला माहीत आहे. म्हणून मी धुराचा आकडा मागत नाही, पानातल्या निकोटीनचा मागतो, एका सिगारमध्ये एकूण किती मिलिग्रॅम एवढाच. ही मागणी डॉक्टरांनी केली तर कंपन्या तिला प्रचार म्हणतील. म्हणून ती शौकिनांनी करावी. रसिकराव, तुमच्या क्लबच्या पुढच्या बैठकीत दोन सिगार मागवा, पट्टे काढून टाका, त्या पहिल्या तृतीयांशातच विझवा, आणि दोन वेगळ्या कागदांवर मत लिहा: एकावर चव, दुसऱ्यावर दणका. मग कुठल्या कागदावर ‘श्रेष्ठ’ लिहावेसे वाटते ते मला कळवा.

रसिकराव : आणि मी दणक्याच्याच कागदावर लिहिले तर?

लेखक : तर तुम्ही खरे बोललात असे समजेन. फक्त त्याच्या वर ‘रसग्रहण’ असा मथळा घालू नका.